घरच्या पातेल्यातला त्यांचा वाटा

पीएचडी करतेय म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "संपणार कधी?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरा प्रश्न, "तुमचं ते जीवरसायनशास्त्र ना? मग सांगा, आमच्या कुत्र्याला घरचं जेवण चालतं का?" याचं उत्तर मात्र संशोधनात बऱ्यापैकी सापडतं. ते एका शब्दात मावत नाही, म्हणून हा लेख.

भात पचतो का?

पचतो. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने 'नेचर'मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना छापली. स्टार्च फोडणारं अमायलेज नावाचं विकर तयार करणारं एक जनुक आहे. लांडग्यात त्याच्या 2 प्रती असतात, कुत्र्यांमध्ये 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. माणसाच्या वस्तीच्या आसऱ्याने राहताना, आपलं उरलंसुरलं खाता खाता कुत्र्याचं शरीरच बदलत गेलं. गावाकडचा कुत्रा भाकरीवर जगतो तो असा.

पण भाकरी मिळते म्हणून खातो, आवड वेगळीच. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर आयसर कोलकाताच्या गटाने प्रयोग केले आहेत. कचऱ्यात तोंड घालताना ही कुत्री मांसाचा वास येईल ते आधी उचलतात, असं त्यात दिसलं. म्हणजे भाकरीच्या जोडीला तो आणखी बरंच काही गोळा करत असतो. फ्लॅटमधल्या कुत्र्याला ती सोय नाही. तुम्ही वाडग्यात घालाल तेवढंच त्याचं जग. म्हणून पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं.

वाटा फोडणीआधी काढा

आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही अशी भाजी शोधावी लागते. धोका नेमका तिथेच आहे. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. बिघडलेलं हिमोग्लोबिन पेशीत गोळा होतं, अशा पेशी शरीर मोडीत काढतं आणि रक्त कमी होतं. शिजवल्याने हा दोष जात नाही. परतलेला कांदा, वाटणातला कांदा, सूपच्या किंवा नूडल्सच्या पुडीतली कांदा पावडर, सगळं सारखंच.

मांजर याला जास्त नाजूक. दर किलो वजनामागे 5 ग्रॅम कांद्याने तिच्या रक्तात बदल दिसतात. कुत्र्यात हाच आकडा 15 ते 30 ग्रॅम. चार किलोच्या मांजरीला 20 ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची एक मोठी फोड पुरेशी झाली! याखालचं प्रमाण सुरक्षित, असा मात्र अर्थ काढू नका. रोज थोडं थोडं दिलं तरी बाधतं. लक्षणं बहुतेकदा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे "परवाच्या रश्श्यामुळे झालं" हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हिरड्या फिकट पडणं, धाप लागणं, लघवी लालसर-तपकिरी होणं, यातलं काही दिसलं तर थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा.

दुसरी काळजी शिऱ्यातल्या बेदाण्यांची. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे आधीपासून माहीत होतं, पण का ते कळत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता आपल्या आमटीचा विचार करा: चिंचेचा आंबटपणा याच आम्लाचा! म्हणून चिंच-गुळाची आमटी भातावर ओतून देऊ नका. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ तर अजिबातच नाहीत. शिजवलेली हाडंही नकोत. ती चिरफळून आतड्यात टोचतात.

मांजर वेगळी

दूध-पोळीवर मांजर पाळायची आपली जुनी पद्धत. त्या मांजरी उंदीर, पाली, चिमण्या खाऊन उरलेली गरज भागवायच्या. घरात कोंडलेल्या मांजरीला तो मार्ग बंद.

तिला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच लागतं, कारण शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. ते मुख्यतः मांस-मासळीत असतं, धान्यात नाही. 1970च्या दशकात लक्षात आलं की टॉरिन कमी पडलं की मांजरीच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की हृदय फुगून दुबळं होण्याचा तिचा जीवघेणा आजारही यानेच होतो आणि टॉरिन दिल्यावर तो सुधारतो. गंमत अशी की त्यातल्या मांजरी बाजारातलं तयार खाद्य खाणाऱ्या होत्या. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

स्वयंपाकघरासाठी यातून एक साधी गोष्ट: टॉरिन पाण्यात विरघळतं. चिकन किंवा मासळी उकडून पाणी फेकून दिलंत तर बरंचसं टॉरिन मोरीत गेलं. ते पाणी वाडग्यातच घाला. तसंच, गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनपासून कुत्रा अ-जीवनसत्त्व बनवतो, मांजर ते करू शकत नाही. म्हणून मांजरीला शाकाहारी करणं म्हणजे तिची तब्येत पणाला लावणं.

कॅल्शियमचा हिशोब

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही तर रोज बिनमसाल्याचं चिकन आणि भात देतो. मग झालं ना?" चला, हिशोब करू.

दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. शिजवलेलं 200 ग्रॅम हाडाविना चिकन आणि 200 ग्रॅम भात, एवढ्यात त्या भरतात. कॅल्शियम किती मिळालं? चिकनचं 30 मिलिग्रॅम, भाताचं 20. एकूण 50. गरज मात्र 600 मिलिग्रॅमच्या आसपास. पोट भरलं, शेपूट हलली, पण कॅल्शियम गरजेच्या दहावा हिस्साही नाही. शिवाय फॉस्फरस मात्र 500च्या वर. हे प्रमाण असं उलटं झालं की रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून ते उपसतं. पिल्लांचे पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. मोठ्या कुत्र्यात महिनोन्‌महिने वरून काहीच दिसत नाही.

अंड्याच्या टरफलाची पूड हा घरगुती उपाय खरा आहे. एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. पण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची भर टरफल घालत नाही. आणि मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात. अंदाजाने चमचा टाकू नये तो यासाठीच.

अंदाज किती चुकतात? 2013 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या. 95 टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक कमी होता. त्यातल्या काही तर प्राण्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या होत्या.

मग रोज काय करायचं?

दोन रस्ते आहेत. पहिला सोपा: मुख्य जेवण संतुलित तयार खाद्याचं आणि घरचं वरून, दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांपर्यंत. आपल्या दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे 60 कॅलरी. दोन-तीन चमचे मऊ भात, चिकनचा एक तुकडा, उकडलेल्या लाल भोपळ्याची एक फोड. कुकर उघडला की मीठ-मसाला पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायचा, निववायचा आणि मग आपली फोडणी. एका कुकरात दोघांचं होतं.

दुसरा रस्ता पूर्ण घरच्या जेवणाचा. तोही चांगला होऊ शकतो, पण पाककृती प्राण्यांच्या आहाराचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांकडून, तुमच्याच प्राण्याचं वजन-वय सांगून घ्या. मग ती काट्यावर तोलून करा. यादीतला एखादा जिन्नस "आज नाही तर राहू दे" म्हणून गाळू नका. चिकनऐवजी पनीर, तेलाऐवजी तूप असा आपला बदलही करू नका. प्रत्येक बदलाने हिशोब बदलतो. दर सहा महिन्यांनी वजन आणि रक्त तपासून घ्या. आपल्याला आज जेवण बेचव झालं तर उद्या बाहेर खाता येतं, वाडग्यासमोर बसलेल्याला नाही.