'न्यूटन'चा वाद आणि सूरजागडचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागड पहाडावर २३ डिसेंबर २०१६ रोजी नक्षलवाद्यांनी लोहखनिज वाहतुकीची पाऊणशेहून अधिक वाहने जाळली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, बर्लिन महोत्सवात 'न्यूटन' हा हिंदी चित्रपट दाखविण्यात आला. या दोन घटनांचा थेट संबंध नाही. परंतु चित्रपटातील अरण्य आणि सूरजागडचे अरण्य एकाच दंडकारण्याचे भाग आहेत.

अमित मसूरकर दिग्दर्शित या राजकीय उपहासपटात छत्तीसगडमधील एका दुर्गम केंद्रावर अवघे ७६ मतदार आहेत. नियमाला चिकटून राहणारा कारकून न्यूटन (राजकुमार राव) तेथे निवडणूक अधिकारी म्हणून जातो. सुरक्षा दलाच्या आत्मासिंगला (पंकज त्रिपाठी) मात्र मतदान कसेबसे उरकून परतायचे आहे. स्थानिक तरुणी मालकोची भूमिका नाशिकच्या अंजली पाटील यांनी केली आहे. मतदारांना ना उमेदवार ठाऊक, ना मतदान यंत्र. परदेशी पत्रकार येणार असे कळताच त्यांना गावातून गोळा करून आणले जाते. हसता हसता प्रेक्षक अस्वस्थ होतो तो येथेच.

वाद कशाचा?

२२ सप्टेंबर २०१७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच दिवशी भारतातर्फे ऑस्करसाठी त्याची निवड जाहीर झाली. पाठोपाठ आरोप झाला, की ही कथा बाबक पयामी यांच्या 'सीक्रेट बॅलट' (२००१) या इराणी चित्रपटावरून घेतली आहे. त्यातही एक महिला अधिकारी एका सैनिकासह दूरच्या बेटावर मतपेटी घेऊन हिंडते. मसूरकर यांनी आरोप फेटाळला. इराणी चित्रपटाचे एक निर्माते मार्को म्युलर यांनीही यात वाङ्मयचौर्य नसल्याचा निर्वाळा दिला. ऑस्करच्या अंतिम टप्प्यापूर्वीच्या यादीत 'न्यूटन'ला स्थान मिळाले नाही. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला.

दोन्ही कथांचे बीज सारखे आहे, हे नाकारता येत नाही. परंतु इराणी चित्रपटात अधिकारी मतदारांपर्यंत जाते. येथे मतदारांना केंद्रावर आणले जाते. त्यामुळे उपहासाचा रोखच बदलतो. २०१४ मधील 'द इंटरव्ह्यू' या अमेरिकी चित्रपटाने उत्तर कोरियाच्या शासकाची खिल्ली उडविली, तेव्हा दोन राष्ट्रांत तणाव निर्माण झाला होता. 'न्यूटन'ने परक्या सत्तेला नव्हे, तर स्वतःच्याच व्यवस्थेला आरसा दाखविला. साहजिकच जगाने चर्चा केली ती कथेच्या मूळ मालकीची. तिच्या आशयाची चर्चा मागे पडली.

सूरजागडचा संदर्भ

तो आशय समजण्यासाठी सूरजागडकडे पाहावे लागते. येथील पहाड माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरवरील खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला देण्यात आला. परिसरातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. तरीही २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला. रोजगार मिळाला असे सांगणारे आहेत, तसेच देव आणि जंगल गेले असे म्हणणारेही आहेत.

निवडणुकीचे चित्रही पडद्यावरच्यासारखेच दिसते. ११ एप्रिल २०१९ रोजी लोकसभेसाठी येथील मतदान दुपारी तीनलाच संपले, कारण अंधारापूर्वी पथकांना परतणे भाग होते. दुर्गम केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने न्यावे लागते.

मत दिल्याने आम्हाला काय मिळेल, हा चित्रपटातील गावकऱ्यांचा प्रश्न सूरजागडला अधिक नेमका होतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. मतपेटी गावापर्यंत पोहोचविण्यासाठी शासन हेलिकॉप्टर पाठविते. ग्रामसभेचा ठराव मुंबई-दिल्लीपर्यंत पोहोचविण्यासाठी तेवढीच तत्परता दाखविली जाते काय, याचे उत्तर माडियांना अद्याप मिळालेले नाही.