दूरध्वनीवरील तोतया अधिकारी

एक निवृत्त शिक्षक दुपारी घरी एकटेच आहेत, अशी कल्पना करा. दूरध्वनीची घंटा वाजते. "तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत," असे पलीकडचा आवाज सांगतो. थोड्याच वेळात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गणवेशातील 'पोलीस अधिकारी' दिसू लागतो. तो न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद दाखवितो आणि फर्मावितो, "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेरा बंद करू नका, घरच्यांना काही सांगू नका, आणि पडताळणीसाठी आपली ठेव सरकारी खात्यात भरा." अधिकारी, कागद व खाते ही सर्व खोटी असतात. शिक्षकांची आयुष्यभराची शिल्लक मात्र खरी असते.

अशा फसवणुकीला भोळी माणसेच बळी पडतात, असे समजणे चूक होय. सुशिक्षित व अनुभवी माणसेही तिच्यात सापडली आहेत; कारण ती अज्ञानापेक्षा आज्ञाधारकपणाचा अधिक उपयोग करते. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने या वृत्तीवर प्रयोग आरंभिले. प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या माणसास विजेचे वाढते धक्के द्यावयाचे होते. धक्के लटके होते, पण देणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. ४० जणांपैकी २६ जण अखेरच्या धक्क्यापर्यंत गेले. पुढे एका प्रयोगात सोबतच्या दोघांनी आज्ञा मोडल्याचे दाखविण्यात आले, तेव्हा ४० पैकी अवघे ४ जण शेवटपर्यंत गेले. सोबतीने 'नाही' म्हटले की अधिकाराचा दरारा ओसरतो. तोतया आपल्या सावजास एकटे पाडतो, त्याचे मर्म हेच आहे.

आता कायदा पाहू. 'डिजिटल अटक' असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात' या कार्यक्रमात हे स्पष्ट केले. खऱ्या अटकेत माणूस प्रत्यक्ष पोलिसांच्या ताब्यात असतो. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानुसार, सामान्यतः प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्यास असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटकेची वार्ता त्याच्या नातेवाइकास वा मित्रास ताबडतोब कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. कायदा आप्तांना कळवावयास सांगतो, तर तोतया कळवू नका म्हणतो. गुप्ततेची आज्ञा हीच तोतयाची सर्वांत खात्रीची खूण होय.

उपायही यातूनच निघतो. असा दूरध्वनी आल्यास तो खाली ठेवावा. तसे केल्याने कोणताही गुन्हा घडत नाही. मग घरातील माणसास, शेजाऱ्यास अथवा बँकेतील कर्मचाऱ्यास सर्व हकीगत सांगावी. शंका उरल्यास पोलीस ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून विचारावे. समोरच्याने दिलेला क्रमांक वापरू नये.

पैसे गेलेच असतील, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. चोरलेली रक्कम अल्पावधीत एका खात्यातून अनेक खात्यांत फिरविली जाते. वर्दी लवकर पोहोचली, तर ती वाटेतच गोठविता येण्याचा संभव असतो. अनेक वृद्ध लाजेपायी गप्प राहतात आणि हा मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून घरच्यांनी प्रथम दोष न देता धीर द्यावा.

विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर आजी-आजोबांशी एवढा एकच नियम ठरवावा: पैसा व गुप्तता यांची मागणी एकत्र आली, की आधी घरातील एकास सांगावयाचे. ग्रंथालयांनीही हा नियम व १९३० हा क्रमांक वाचनकक्षात ठळक अक्षरांत लावावा.