मुरमाच्या मुळाशी पोचणारं औषध

तळहातावर मुरूम कधीच येत नाही, तळपायावरही नाही. तिथल्या त्वचेत तेलग्रंथीच नसतात. चेहरा, छाती आणि पाठीवर मात्र त्यांची दाटी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढली की त्या मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडू लागतात. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचं तोंड मृत पेशींनी बुजतं, तेल आत साठतं, त्यावर जगणारे जंतू फोफावतात, सूज येते. बहुतेकांचं चार-दोन पुटकुळ्यांवर निभावतं. काहींना मात्र खोल, ठसठसणाऱ्या गाठी येतात आणि गाठ बसली तरी खड्डा कायमचा राहतो. अशा मुलामुलींना ‘चेहरा नीट धूत जा’ असं सुनावणं हा अन्याय आहे. हा आजार धुऊन जात नाही.

त्यावरचं सगळ्यांत प्रभावी औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं आहे. या जीवनसत्त्वाचा त्वचेवरचा अंमल माणसाला फार महागात पडून कळला. ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाल्लेल्या दर्यावर्दींना भयंकर डोकेदुखी व्हायची, उलट्या व्हायच्या, कातडी सोलून निघायची. त्या यकृतातलं विष म्हणजे प्रचंड प्रमाणात साठलेलं ‘अ’ जीवनसत्त्वच, हे रोडाल आणि मूर या संशोधकांनी १९४३ मध्ये दाखवलं. म्हणजे त्वचेच्या पेशींना हुकूम देण्याची ताकद त्यात होती. ती ताकद पेलवेल अशा रूपात हवी होती. तसं एक रूप म्हणजे आयसोट्रेटिनॉइन.

अमेरिकेत गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी कुठल्याच उपचाराला दाद न देणारे १४ रुग्ण घेतले आणि त्यांना चार महिने हे औषध दिलं. त्यांचा लेख १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ जणांच्या गाठी पूर्ण गेल्या होत्या आणि औषध थांबवल्यावरही कित्येक महिने सगळ्यांचा आजार आटोक्यात होता. १९८२ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

हे प्रतिजैविक नाही, जंतूंना ते थेट मारत नाही. ते तेलग्रंथीच आकसवतं. तेल बनवणाऱ्या पेशी मरतात आणि काही आठवड्यांत तेल ९० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. खाद्यच संपल्यावर जंतू आपोआप ओसरतात. खरं नवल तर पुढे आहे. औषध थांबल्यावर ग्रंथी पुन्हा वाढते, तेलही बरंचसं परत येतं, तरीही अनेकांचे मुरूम परतत नाहीत. काहींना दुसऱ्यांदा औषध घ्यावं लागतं, पण कित्येकांना एकदाच पुरतं.

मात्रा वजनावर ठरते आणि कोर्स सहसा काही महिने चालतो. कॅप्सूल भरल्या पोटी, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्यायची, कारण उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. ओठ कोरडे पडून फुटतात, जवळजवळ प्रत्येकाचेच. सुरुवातीला मुरूम वाढूही शकतात. रक्तातली चरबी वाढू शकते, यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी लागते. मन खिन्न राहू लागलं तर तेही डॉक्टरांना लगेच सांगायचं.

सर्वांत मोठा धोका गर्भाला आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं रेटिनॉइक आम्ल हा गर्भाची घडण ठरवणारा शरीराचा स्वतःचा संदेश आहे. ज्या ताकदीने ग्रंथी आकसते, तीच पोटातल्या बाळाचा चेहरा, हृदय आणि मेंदू बिघडवू शकते. म्हणून औषध सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून ते थांबवल्यानंतर महिनाभरापर्यंत गर्भधारणा होता कामा नये. रक्तदानही औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवलं जाऊ शकतं.

तेव्हा मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातली कॅप्सूल घेऊ नका, आपली कुणाला देऊ नका. आणि घरात कुणाच्या चेहऱ्यावर गाठी येत असतील तर वय सरण्याची वाट न पाहता, खड्डे पडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा.