आगरातले इंजिन आकाशात

गुहागरच्या नारळी-पोफळीच्या आगरांत पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर माजते. पूर्वी ते विळ्याने काढीत. आता गडी खांद्याला पट्टा अडकवून यंत्र फिरवतो आणि सारी वाडी भुर्र आवाजाने भरून जाते. फिरत्या दोरीने गवत छाटण्याची ही कल्पना ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली मोटार धुण्याच्या फिरत्या ब्रशांवरून सुचली. गृहस्थ पेशाने नृत्यशाळा चालवणारे!

असे एक यंत्र दांडा मोडून आमच्या माळ्यावर पडले होते. माझा कॉलेजातला भाचा विमानांच्या नादाचा. तो म्हणाला, "मामा, याला विमानाला जोडू या." ताईने आधी त्याच्या बोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. तेव्हा जबाबदारी माझ्यावर आली हे सांगायला नकोच.

हौशी विमानांच्या लहान इंजिनांना मेथॅनॉल आणि एरंडेल तेलाचे महागडे मिश्रण लागते. गवताचे यंत्र पंपावरच्या पेट्रोलवर, त्यात थोडे टू-स्ट्रोक तेल घातले की चालते. शिवाय गडी यंत्र कसेही तिरके करतो, तरी ते बंद पडत नाही; कारण त्याच्या कार्बोरेटरात तरंगती डबी नसून पातळ पडदा असतो. जे यंत्र बांधावर आडवे चालते ते आकाशात उलटेही चालणार! पंचवीस सीसीच्या इंजिनाची ताकद सुमारे एक अश्वशक्ती. सहा-सात फूट पंखांच्या, पाच-सहा किलोच्या विमानाला तेवढी पुरते.

पाते काढून पंखा बसवला की झाले, असे मात्र नाही. क्लच, ओढदोरीची चकती, प्लॅस्टिकचे आवरण हे सगळे उतरवायचे. राहते ते जड फ्लायव्हील. त्याचे वजन कमी करायचे, पण त्यातले चुंबक जपायचे, कारण ठिणगी त्यांच्यामुळेच पडते. आम्ही ते चिपळूणला लेथवर कातून घेतले. कातल्यावर तोल पुन्हा पाहावा लागतो. एका बाजूला थोडे जरी जड राहिले तरी इंजिन थरथरते आणि बोल्ट सैल होतात. म्हणून प्रत्येक बोल्टला लॉकनट हवाच. पंखा धरणारा अॅल्युमिनियमचा हबही दांड्याशी अगदी सरळ बसायला हवा.

आता ताईची काळजी. अठरा इंची पंखा मिनिटाला सात हजार फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सहाशे किलोमीटर होतो. हिशेब वहीत मांडून दाखवल्यावर भाचा गप्प झाला. मग नियम ठरले: पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, हातात जाड हातमोजा, ठिणगी तोडणारे बटण बोटापाशी, रेडिओचा संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद. पहिल्या चाचण्या विमानाची शेपटी माडाच्या बुंध्याला बांधून घेतल्या. गड्याने विचारले, "हे नारळ पाडेल काय हो?"

२०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात हौसेने उडवायच्या विमानांचा वेगळा उल्लेख आहे. सरकारी नकाशात आपली जागा हिरव्या विभागात आहे का ते पाहावे, आणि तिथे चारशे फुटांची मर्यादा पाळावी.

ओहोटीला गुहागरची पुळण घट्ट असते आणि पहाटे मतलई वारा मंद. पर्यटक यायच्या आत, कासवांच्या अंड्यांच्या जागेपासून दूर, आम्ही विमान ठेवले. वाळू कार्बोरेटरात जाऊ नये म्हणून तोंडावर जाळी होती. विमान सात मिनिटे उडाले. उतरल्यावर सिलिंडरच्या मागच्या पंखुड्या पुढच्यांहून जास्त तापलेल्या आढळल्या. यंत्राचा मूळचा वारा आम्ही कातून टाकला होता आणि विमानाचा वारा तिथवर पोचत नव्हता. भाच्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सिलिंडरभोवती वाकवून बसवला. पुढच्या ओहोटीला इंजिन दहा मिनिटे चालले आणि मागची बाजूही पुढच्याइतकीच तापली.