लिथियम बॅटरी घेताय? आतली बांधणी आधी विचारा

अंबड, परतूर, मंठ्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टरशिवाय भागत नाही. ट्युब्युलर बॅटरीच्या जागी आता लिथियम येऊ लागली आहे. तिला पाणी घालावं लागत नाही, ती वजनाला हलकी असते आणि लवकर चार्ज होते. माझ्या मते ती चांगली वस्तू आहे. पण तिच्याविषयी दुकानात जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच अर्धवट असतं, आणि ते घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं.

"एलएफपी आहे, हिला आग लागतच नाही." हे वाक्य सर्रास ऐकू येतं. लिथियम आयर्न फॉस्फेट ऊर्फ एलएफपी सेल हा निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा जास्त उष्णता सोसतो, एवढं खरं. पण तो बिघडला की त्यातूनही हायड्रोजनसारखे पेट घेणारे वायू बाहेर पडतात. बंद खोलीत ते साठले तर एक ठिणगी पुरते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन ७ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. घरात लिथियम ठेवताना ही घटना विसरू नये.

"मोठ्या कंपनीची घेतली की काळजी नाही" हेही पुरतं खरं नाही. आगीच्या तक्रारींनंतर डिसेंबर २०२० मध्ये एलजी केमला अमेरिकेत घरगुती साठवणुकीच्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. दक्षिण कोरियात अशा साठवण यंत्रणांच्या २३ आगींची सरकारी समितीनं चौकशी केली. जून २०१९ च्या तिच्या निष्कर्षांत विद्युत दोषांपासून अपुरं संरक्षण, धूळ आणि ओलावा असलेली जागा, चुकीची जोडणी आणि वेगवेगळ्या यंत्रणांचा न बसलेला मेळ ही कारणं होती. यातली निम्मी कारणं बसवणाऱ्याच्या हातात असतात.

तरी नामांकित कंपनी निदान माल परत मागवते. खरा घोर आहे तो स्वस्तात बांधून मिळणाऱ्या पॅकचा. लॅपटॉपच्या किंवा गाड्यांच्या जुन्या पॅकमधले सेल काढायचे, नवं वेष्टन चढवायचं आणि नवे म्हणून विकायचे. चौकोनी सेलवरचा क्यूआर कोड खरवडलेला दिसला, तर तो माल घेऊ नका. सेल जोडायला निकेलच्या पट्टीऐवजी निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी वापरतात. ती जास्त तापते आणि गंजते. पट्टीचा तुकडा कानशीनं घासून मिठाच्या पाण्यात टाकला की लोखंड गंज दाखवतं. असा तुकडा दाखवायला बांधणारा तयार नसेल, तर दुसरं दुकान गाठा. बॅटरीची आयईसी ६२६१९ या मानकाखाली चाचणी झाली आहे का, हेही विचारा.

"बीएमएस आहे ना!" बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारं सर्किट, हवाच, पण तो शेवटचा आधार आहे. चार एलएफपी सेलच्या बॅटरीची वरची मर्यादा १४.६ व्होल्ट असते. ट्युब्युलरसाठी बनवलेले काही इन्व्हर्टर त्याच्या वर जातात. मग बीएमएसला दर वेळी चार्जिंग तोडावं लागतं. त्यातले मॉस्फेट, म्हणजे चार्जिंग जोडणारे-तोडणारे स्विच, जळतात तेव्हा अनेकदा सुटत नाहीत, जोडलेलेच राहतात, आणि सेलमध्ये वीज भरतच जाते. म्हणून इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग आहे का, ते आधी पाहा.

एमसीबीची, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणाऱ्या स्विचचीही अशीच गफलत होते. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी पडताना उठलेली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. बॅटरीच्या वायरवर साधा एसी एमसीबी लावला, तर ऐन वेळी ठिणगी आतच जळत राहू शकते. डीसीसाठीचाच एमसीबी किंवा फ्यूज मागा.

जागेबद्दल थोडक्यात सांगतो. जिन्याखाली, दाराच्या वाटेवर, झोपायच्या खोलीत बॅटरी नको. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा पत्र्याच्या खोलीतही ती ठेवू नका. सेल लवकर झिजतात.

"पाणी टाकलं की लिथियम भडकतं" हेही लोक घट्ट धरून बसलेत. या सेलमध्ये सहसा लिथियमचा शुद्ध धातू नसतो. अग्निशमन दल अशी आग भरपूर पाण्यानंच थंड करतं. पण घरच्यांनी पाणी मारत बसू नये, कारण शेजारी इन्व्हर्टरची वीज असते आणि धूर विषारी असतो. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात परत आणू नका.

फुगलेली किंवा संपलेली बॅटरी भंगारात तर मुळीच घालू नका. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या भट्ट्या भंगारावरच चालतात, आणि त्या ढिगावर हातानं काम करणारी माणसं आपल्याच जिल्ह्यातली आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेतानाच दुकानदाराला विचारा, जुनी कुठे परत घ्याल, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.