हवेच्या भिंतीपलीकडचे फुप्फुस

सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर आधी थंडगार जेली फासतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ती कशासाठी? प्रोब कातडीवर नुसता सरकावा एवढ्यासाठी नव्हे. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तरी सारा खेळ खलास होतो, म्हणून!

हे गणिताने पाहू. माध्यमाची घनता गुणिले त्यातील ध्वनीचा वेग म्हणजे त्या माध्यमाचा ध्वनिसंरोध. हवेसाठी तो १.२ × ३४० म्हणजे सुमारे ४०० येतो. शरीरातील मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर असतो आणि संरोध येतो सुमारे १६ लाख! दोन संरोधांच्या वजाबाकीला बेरजेने भागून वर्ग केला की परावर्तित ऊर्जेचे प्रमाण मिळते. करून पाहा. उत्तर ०.९९९ येईल. म्हणजे हजारातला एकच भाग हवेत शिरतो, बाकीचा आल्या पावली परत.

आता फुप्फुस म्हणजे तर हवेची पिशवीच. तेव्हा श्राव्यातीत ध्वनीने फुप्फुस पाहता येत नाही, असे वैद्यकाच्या पुस्तकांत अनेक वर्षे छापले जात होते. भौतिकी बरोबर होती. निष्कर्ष मात्र अपुरा होता. कारण न्यूमोनिया झालेल्या भागात हवा उरतेच कुठे? तेथील वायुकोश पू आणि द्रव यांनी भरून जातात.

ही गोष्ट पूर्वीच्या वैद्यांनी कानाने ओळखली होती. व्हिएन्नाच्या औएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळवाले होते आणि पिंप किती भरले आहे हे ठोकून पाहत, त्यावरून मुलाला ही युक्ती सुचली, असे सांगतात. आपल्याकडे माठ घेताना गिऱ्हाईक टिचकी मारते, त्यातलाच हा प्रकार.

पण अतिदक्षता विभागातला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. घशात नळी, तिला श्वसनयंत्र जोडलेले. त्याला बोलता येत नाही, खोकता येत नाही. अशा नळीवाटे दोन दिवसांहून अधिक काळ श्वास चालू राहिला की फुप्फुसात नवा जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. ताप आला, प्राणवायू कमी पडू लागला, तर कारण न्यूमोनियाच की आणखी काही? खाटेवर निजवून काढलेले क्ष-किरण चित्र बहुधा धूसर येते, आणि सीटी स्कॅनसाठी यंत्रासकट रुग्णाला हलवणे जोखमीचे. उपचाराला उशीर झाला तर जिवावर बेतते. उगाच प्रतिजैविके दिली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

फ्रान्समधील डॉ. डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी १९९० नंतरच्या दशकात एक साधी गोष्ट केली. इतर जण ज्यांना पडद्यावरची निरुपयोगी भुते समजत होते, त्या रेषा त्यांनी नीट अभ्यासल्या. निरोगी फुप्फुसावरून परतलेला ध्वनी प्रोब आणि परिफुप्फुस यांच्यामध्ये टप्पे खात राहतो. परिफुप्फुस २ सेंटिमीटर खोल असेल, तर ४ आणि ६ सेंटिमीटरवरही आडव्या रेषा उमटतात. या ए-रेषा. फुप्फुसात पाणी झिरपू लागले की त्यांच्याऐवजी उभे झोत दिसतात, त्या बी-रेषा. त्या हृदयविकारातही दिसतात, म्हणून केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवून चालत नाही. फुप्फुसाचा एखादा भाग पूर्ण भरला, की तो पडद्यावर चक्क यकृतासारखा दिसतो!

पण श्वासनलिकेत कफाचा बोळा अडकून फुप्फुसाचा भाग नुसता मिटला, तरी चित्र तसेच दिसते. मग फरक कसा करायचा? इथली युक्ती मला फार आवडते. त्या भरीव भागातील नळ्यांत थोडी हवा उरलेली असते. तिचे पांढरे ठिपके चमकतात. यंत्राच्या प्रत्येक श्वासाबरोबर ठिपके पुढे सरकले, तर नळी मोकळी आहे, म्हणजे संशय न्यूमोनियाचा. ठिपके जागीच राहिले, तर निर्णय लागत नाही. नळी बुजलेली असू शकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लिक्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत न्यूमोनियाच्या ५२ रुग्णांपैकी ३२ जणांत हालणारे ठिपके दिसले. नुसते फुप्फुस मिटलेल्या १६ पैकी एकातच. आकडे नीट वाचा. ठिपके हालले तर न्यूमोनिया जवळजवळ नक्की. पण हालले नाहीत म्हणून न्यूमोनिया नाहीच, असे म्हणता येत नाही.

रोगट भाग परिफुप्फुसापर्यंत पोहोचला नसेल, तर मधली हवा पुन्हा भिंत होऊन उभी राहते. शिवाय जंतू कोणता, हे ध्वनी सांगत नाही. त्यासाठी श्वासमार्गातील स्राव प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. मात्र या तपासणीत क्ष-किरण नाहीत, त्यामुळे ती खाटेपाशी रोज करता येते. औषध लागू पडले की यकृतासारख्या दिसणाऱ्या भागात हवा शिरू लागते, तेथे बी-रेषा उमटतात आणि सारे ठीक झाले तर काही दिवसांनी ए-रेषा परततात.