भ्रमणध्वनीवरील निरोप : जबाबदारी कोणाची?

पूर्वी एखादी वार्ता साऱ्या गावाला कळवावयाची झाल्यास कोतवाल दवंडी पिटत असे. दवंडी कोणाच्या आज्ञेने पिटली जाते, हे सर्वांना ठाऊक असे आणि तीत काही चुकल्यास जाब कोणाला विचारावयाचा, याविषयी संदेह नसे. आज शाळेची सुटी, ग्रामसभेची तारीख, लसीकरणाचा दिवस ही माहिती व्हॉट्सॲपवरील गटांतून काही क्षणांत घरोघर पोचते. ही सोय मोठी आहे. मात्र या नव्या दवंडीला कोतवाल नाही. निरोप मुळात कोणी धाडला, हे बहुधा कळत नाही. अशा वेळी तो पुढे धाडणाऱ्याकडे जबाबदारी येते की नाही, हा प्रश्न प्रत्येक सुजाण नागरिकाने विचारात घ्यावा असा आहे.

राईनपाड्याचा धडा

या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्राने २०१८ साली अनुभवले. त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याचे निरोप अनेक राज्यांत पसरले होते. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून उदरनिर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तेथे आले होते. ही मुले पळविणारी माणसे होत, असा संशय घेऊन जमावाने त्यांना गाठले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारहाण केली. पाचही जण मृत्युमुखी पडले.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. मुलांची काळजी घ्या, असे सांगणारा तिचा शेवटचा भाग कापून उरलेले दृश्य खऱ्या अपहरणाचे म्हणून दाखविले जात होते.

त्याच रविवारी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथेही अशाच संशयावरून जमाव जमला. तेथे मात्र पोलिसांनी एका लहान मुलासह पाच जणांना वाचविले. अफवा एकच होती. पण वेळेवर मध्ये पडणारी माणसे तेथे होती.

‘सावधगिरी म्हणून पाठविले’

असा निरोप पुढे धाडणारे बहुतेक लोक दुष्ट हेतूचे नसतात. ‘खरा असला तर कोणाचे मूल वाचेल, खोटा असला तर बिघडले काय?’ असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. खोट्या निरोपाची किंमत धाडणाऱ्याला अथवा वाचणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती गटात नसलेल्या माणसाला मोजावी लागते. फिरस्ता, भिक्षेकरी, परगावचा मजूर यांना आपल्याविषयी काय लिहिले गेले आहे, हे ठाऊकही नसते आणि खुलासा करण्याची संधीही मिळत नाही. त्या अनुपस्थित माणसाच्या वतीने शहानिशा करणे, हे पाठविणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

‘मी एकट्याने पाठविल्याने काय होणार?’ ही समजूतही टिकणारी नाही. एकाने पाच जणांना व त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना निरोप दिला, तर पाचव्या टप्प्यालाच तो ३,१२५ जणांपर्यंत जातो.

यंत्रणा आणि विवेक

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली. अनेकदा पुढे गेलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये एकावर आली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. हे उपाय आवश्यक होत. तथापि, खाजगी संदेशातील मजकूर पाठविणारा आणि स्वीकारणारा यांच्याखेरीज कोणी, अगदी ती कंपनीही, वाचू शकत नाही. त्यामुळे खऱ्याखोट्याची पहिली पारख संदेश हाती असलेल्या माणसालाच करावी लागते.

पदाबरोबर येणारे दायित्व

शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अथवा सरपंच यांनी धाडलेल्या निरोपाला त्यांच्या पदाचे वजन प्राप्त होते. इतरांच्या बाबतीत जो निष्काळजीपणा ठरेल, तोच त्यांच्या बाबतीत अधिकृत दुजोरा मानला जातो. म्हणून निरोप कोठला, केव्हाचा आणि कोणी पाहिलेला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो आपल्यापाशीच थांबवावा. संशय खरा वाटल्यास तो गटात न टाकता ११२ या क्रमांकावर पोलिसांना किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावा. खोटा ठरलेला निरोप ज्या गटात आला, त्याच गटात तो खोटा असल्याचे स्पष्टपणे सांगावे. ग्रामसभेत व वर्गातही या विषयाची चर्चा व्हावी.

गावात आलेला अनोळखी माणूस हा त्या दिवसापुरता गावाच्या आश्रयाला आलेला असतो. त्याचा जीव सुरक्षित राखणे, हे गावाचे जुनेच कर्तव्य आहे. भ्रमणध्वनी हाती आल्याने ते संपलेले नाही, उलट वाढले आहे.